माकातोची बादली

माकातो फार चांगली बाई होती, असं हल्ली गावात कुणीही उठतं आणि म्हणतं. म्हणायला काय जातंय? तिच्या जिभेचे फटके ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी खुशाल म्हणावं. मी खाल्लेत. एकाच खडकावर तिच्या शेजारी वाकून उभा जन्म काढलाय मी. बाई खवट होती, गर्विष्ठ होती, आणि माझं चांगलं तिला कधी बघवलं नाही. मलाही तिचं बघवलं नाही, ते सोडा. आता ती गेली, तिचा मुलगा बेट सोडून मोठ्या बेटावर राहायला गेला, म्हणून मी तोंड उघडते आहे. नाहीतर उघडलं नसतं.

आमचा दोघींचा धंदा एकच. ओहोटीला खडकात उतरायचं आणि आमान गोळा करायचे. आमान म्हणजे शंखात राहणारा खेकडा. मेलेल्या गोगलगाईचं घर बळकावतो आणि तेच पाठीवर घेऊन हिंडतो. तामान माशाचा त्याच्यावर भारी जीव. शंख फोडून आतली मऊ शेपटी गळाला लावली की तामान आलाच म्हणून समजा. होडीवाल्यांना रोज आमिष लागतं, आम्ही ते पुरवायचं. बदल्यात मासे, तांदूळ, डुक्कर कापलं की मटण.

ऐकायला सोपं वाटतं ना? या एकदा आणि करून बघा. आमच्या किनाऱ्यावर आमानाच्या इतक्या जाती की नवख्याचं डोकं फिरावं. त्यात सगळ्यांची घरं सारखीच. ज्या शंखात आज हा, त्याच शंखात उद्या दुसराच कुणी. म्हणून घर बघून ओळखायला गेलात की फसलात. पाय बघायचे, नांग्या बघायच्या, तो कुठल्या जागी सापडला ते बघायचं. लाल केसाळ पायांचे मोठे आमान लांब प्रवाळाच्या कड्याशी, खोल खळग्यांत. त्यांची शेपटी जाड, होडीवाल्यांना तेच हवे. हिरवट अंगाचे, पिवळ्या नखांचे कुठेही ढिगाने मिळतात. त्यांच्या दोन्ही नांग्या सारख्या, पोरांच्या गळाला ठीक. निळ्या पट्ट्यांचे नदीच्या तोंडाशी चिखलात. उजवी नांगी मोठी असलेले आमच्याकडे कमीच, तेही नदीकडेच. आणि पांढऱ्या मुठीचे अगदी किनाऱ्यालगत. त्यांची डावी नांगी मुठीसारखी फुगीर, गुळगुळीत. आत शिरले की तीच दारावर लावून बसतात. मांस चिमूटभर. त्यांना कुणी विचारत नाही.

आणखी एक जात आहे, ती समुद्रात राहतच नाही. केवड्याच्या बनात राहते. मोठी झाली की रंग जांभळा, पण लहानपणी मातकट जांभळट. तिचीही डावी मूठ फुगीर, तीही मूठ दारावर लावून बसते. पूर्वी आम्ही सगळ्या बायका तेच उचलायचो, खडकात पाय कापून घ्यायला नकोत. मग अमेरिकन गेले, आमची बेटं पुन्हा जपानात आली, आणि कायदा आला. जमिनीवरच्या आमानाला हात लावायचा नाही. जाणूनबुजून लावला तर खटला. पुढे तर मुख्य भूमीवरचे व्यापारी ते पोती भरभरून न्यायला लागले, जत्रेत पोरांना विकायला, तेव्हा सरकार आणखी कडक झालं.

माकातोने कायदा आला त्या दिवसापासून जांभळ्याला बोट लावलं नाही. उलट सरकार परवडलं पण ही नको, असं झालं. कुणाच्या टोपलीत एखादा चुकून आला तर धक्क्यावर उभी राहून ओरडायची, ‘‘हा बघा रानातला पाहुणा! जा ग, केवड्याखाली सोडून ये, नाहीतर तुलाच सोडतील!’’

तिला तोरा मिरवायला कारण होतं, एवढं मी मान्य करते. तिचा नवरा लढाईच्या वर्षी तापाने गेला. त्या वर्षी सैन्याने सगळ्यांना जंगलात हाकललं, आणि जंगलातला ताप घराघरातून माणसं घेऊन गेला. माकातो परत आली ती पाठीवर मुलाला, चोतोकूला, बांधून. तेव्हा तो पाठीवर मावायचा. शेत नाही, होडी नाही, भाऊ नाही. होतं काय, तर ही ओळख. खळग्यात एकदा वाकून बघायची आणि हात घालायची, आणि हातात येणार तो लाल केसाळच. तिच्या बादलीत नको असलेला आमान सापडला असं कधी झालंच नाही. होडीवाले माझी बादली धक्क्यावर उपडी करून बघायचे, एकेक निवडून काढायचे, नाकं मुरडायचे. तिची बादली न बघता उचलायचे. ‘‘माकातोची ना? चल, टाक होडीत.’’ एवढ्या एका गोष्टीवर तिने पोर वाढवलं, त्याला स्वतःची होडी घेऊन दिली.

आणि तेवढ्याच एका गोष्टीवर मला आयुष्यभर छळलं.

मी लग्न होऊन आले ती दुसऱ्या बेटावरून, ऊसवाल्यांच्या घरातून. समुद्र लांबून बघितलेला. तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळ्या बायका किनाऱ्यावर उतरतात, पाय समुद्रात धुतात, डबे सोडून एकत्र खातात आणि मग खडकात हिंडतात. माझं ते पहिलंच वर्ष. मी नवी सून, उत्साहाने टोपली भरून आमान आणले. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात माकातो आली, टोपली बघितली आणि सगळ्या बायकांसमोर वाळूत उपडी केली.

‘‘हे काय आणलंस?’’

‘‘आमान, ताई.’’

‘‘आमान! अग, हा पोरांचा, हा चिखलातला, हा रिकामाच, आणि हा बघ, हा आमान नाहीच, हा जिवंत शंख आहे. त्याच्या घरातून त्याला कुठे काढतेस बाई?’’ बायका पोट धरधरून हसल्या. ‘‘कुठून आणली ग ही? उसाच्या मळ्यातून? ए ऊस, इकडे ये. घर बघू नकोस, पाय बघ. आणि ते जमत नसेल तर घरी बसून नवऱ्याचे पाय चेप.’’

त्या दिवसापासून माझं नाव ऊस पडलं. नाबे हे माझं खरं नाव. माझ्या नवऱ्यालाही ते आठवायला वेळ लागायचा. तिने मला पाय बघायला शिकवलं असं लोक म्हणतात. शिकवलं कसलं! चिडवून चिडवून शिकायला लावलं. मी त्या रागाने रोज ओहोटीला उतरले, बोटं रक्तबंबाळ केली, आणि शिकले. आभार मानायचे तर त्या रागाचे मानीन.

एकदा मी तिची परीक्षा घ्यायची ठरवलं. नदीच्या तोंडाशी जाऊन एक उजव्या नांगीचा आमान पकडला, मोठा, छान शंखातला. धक्क्यावर तिची बादली भरून ठेवलेली होती, आत शंभरएक तरी असतील. ती पाठमोरी होऊन चहा पीत होती, तोंडात गुळाचा खडा. मी हळूच माझा आमान तिच्या बादलीत सोडला आणि साळसूदासारखी बाजूला जाऊन उभी राहिले. आता होडीवाला येईल, उजवा सापडेल, माकातोचं नाक कापलं जाईल. ती वळली. बादलीकडे एक नजर टाकली, बसल्या जागेवरून. चहाचा घोट घेतला.

‘‘ऊस,’’ ती म्हणाली, ‘‘तुझ्या माहेरचं कुणीतरी माझ्याकडे आलंय. घेऊन जा.’’

सगळा धक्का हसला. माझा नवराही हसला, मेला. त्या रात्री मी त्याला जेवायला दिलं नाही.

अशी बाई. सांगा, प्रेम करायचं का हिच्यावर?

वर्षं गेली. चोतोकूचं लग्न झालं, बायको टिकली नाही, सासूच्या तोंडापुढे कोण टिकणार! आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. आम्हाला सगळे ओबा म्हणायला लागले, माकातो ओबा, नाबे ओबा. तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे ते म्हणोत. मग एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की माकातो आता कड्यापर्यंत येत नाही. मी लांब लाल केसाळांच्या मागे, आणि ही किनाऱ्यालगतच्या खडकांत बसलेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, थकली एकदाची! आता लाल केसाळ फक्त माझ्याकडे. होडीवाले माझ्या दारात येतील. आणि आलेही. पण येताना म्हणायचे काय, ‘‘माकातोकडे हल्ली मिळत नाहीत ना, म्हणून.’’ म्हणजे तिथेही माझ्या वाट्याला उरलेलंच.

ती मात्र बादली भरतच होती. आत असायचे पांढऱ्या मुठीचे. तिने! जिने जन्मभर त्यांना हात लावला नाही! तिच्या मुलाला छोटे मासे धरायला लागतात म्हणून, असं ती सांगायची. चोतोकू आईला दुखवायला नको म्हणून नेत असेल. सकाळी तिला खडकापर्यंत सोडायचा आणि दुपारी घ्यायला यायचा. मी विचारलं एकदा, ‘‘काय ग, राणीसाहेबांना पालखी लागते का आता?’’ तर म्हणाली, ‘‘मुलगा असला की लागते. तुला कुठून कळणार?’’ मला मूल नाही. असं बोलायची ती. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्या दिशेला बघितलंही नाही, नाहीतर जे दिसायला हवं होतं ते मला आधीच दिसलं असतं.

एका पौर्णिमेच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्यात पौर्णिमा आली की रानातल्या आमानाच्या माद्या केवड्याच्या बनातून खाली उतरतात, भरतीच्या पाण्यात पिल्लं सोडतात आणि परत जातात. काही मागे रेंगाळतात, किनाऱ्यालगतच्या ओल्या खडकांच्या फटीत बसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवसांत आम्ही बायका त्या खडकांकडे फिरकतही नाही. लांब जातो. माकातो गेली नाही. जाऊ शकत नव्हती.

त्यातल्याच एका दिवशी मोठ्या बेटावरून दुपारच्या बोटीने सरकारी बाई आली. कुरोइवा तिचं नाव, वयाने लहान, बोलायला मऊ. व्यापाऱ्यांना आमान कोण पुरवतं याचा तपास चालू होता, म्हणून ती धक्क्यावर येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्या टोपल्या आणि बादल्या बघत होती. माझी बघितली. ‘‘छान आहेत,’’ म्हणाली. मग माकातोची.

ती खाली बसली. बादलीतून एक उचलला, मग दुसरा, मग सगळेच पालथे करून एका पत्र्यावर ठेवले. त्यांतले निम्मे बाहेर आले आणि तुरुतुरु पळायला लागले. समुद्रातला आमान उन्हात असा पळत नाही. पत्र्यावर निम्मे पांढऱ्या मुठीचे होते आणि निम्मे जांभळे.

‘‘ओबा,’’ कुरोइवा म्हणाली, ‘‘हे जमिनीवरचे आहेत.’’

मी माकातोकडे बघत होते. बाकी सगळे पत्र्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. तिचा चेहरा क्षणभर उघडा पडला. वाटेत कुणी अचानक ढकलावं आणि तोल जावा, तसा. ती दचकली होती. तिला माहीत नव्हतं. मग तिने ओठ मिटले.

‘‘मग?’’ ती म्हणाली. ‘‘मला काय सांगतेस? माहीत आहे मला.’’

‘‘आई!’’ चोतोकू गर्दीतून पुढे आला. ‘‘काय बोलतेस? बाई, हिचं ऐकू नका. चुकून आले असतील.’’

‘‘माझ्या हातून चुकून काही येत नाही.’’

कुरोइवा भली बाई होती. तिने पेन खाली ठेवलं. ‘‘ओबा, नीट ऐका हं. चुकून आले असतील तर मी समज देते, हे परत रानात सोडते आणि विषय संपतो. जाणूनबुजून घेतले असतील तर मला खटला करावा लागेल. तुमचं किनाऱ्यावर उतरणंही बंद होईल. दोन्ही सारखेच दिसतात हो, शंख सारखा, डावी मूठ सारखी. नजरचूक कुणाचीही होते.’’

‘‘कुणाचीही होत असेल. माझी होत नाही. मी ओळखून घेतले.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘माझी मर्जी!’’

लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, म्हातारीला वेड लागलं. कुणी म्हणालं, व्यापाऱ्यांना हीच देत असणार, म्हणून तर मुलाची होडी नवी दिसते. चोतोकूचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडे वळला. हा मुलगा मला कधी वाकडं बोलला नव्हता, आईच्या पाठीमागे गुपचूप मासेही आणून द्यायचा.

‘‘नाबे काकू, तुम्ही सांगा. तुम्ही जन्मभर तिच्याबरोबर काम केलंय. सांगा ना, चुकू शकते ती.’’

कुरोइवाही माझ्याकडे बघायला लागली. ‘‘खरंच, तुम्ही सांगा. तुमच्यासारख्या जाणत्या बाईने ‘त्या चुकू शकतात’ असं म्हटलं तरी मला पुरे आहे. मी तेच लिहीन.’’

आता बघा मजा. माकातो चुकली, हे शब्द मला जन्मभर बोलायचे होते. रोज ओहोटीला वाकून वाकून मी ते मनात घोळवलेत. आणि आज सरकारची बाई हात जोडून सांगत होती, बोला. भर धक्क्यावर, सगळ्या गावासमोर. शिवाय बोलले असते तर पुण्यच लागलं असतं. तिची सुटका झाली असती, चोतोकू माझ्या पाया पडला असता.

‘‘बोल ग ऊस,’’ माकातो म्हणाली. ‘‘तोंड का शिवलंय? एवढी वर्षं वाट बघितलीस ना?’’

ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. टोपीच्या कडेखाली तिचे डोळे मला पहिल्यांदाच नीट दिसले. पाण्यात दूध सांडल्यासारखे झाले होते. आणि नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्याच्या बाजूला, दोरखंडांच्या ढिगाकडे होती. तिला मी दिसत नव्हते. पांढरी मूठ आणि जांभळी मूठ, बोटांना दोन्ही गुळगुळीत, दोन्ही डाव्या. ती अंगठ्याने चाचपून बादली भरत होती, कोण जाणे किती वर्षं, आणि मुलालाही कळू दिलं नव्हतं. त्याला वाटत होतं आईचे गुडघे दुखतात.

मला तिचा भयंकर राग आला. एवढा गर्व! अग बाई, म्हण की दिसत नाही. म्हातारपणी सगळ्यांनाच कमी दिसतं. त्यात लाज कसली? पण ती ताठ उभी होती आणि हनुवटी वर होती. पदराशी दुसरं काहीच नसलेल्या बाईची ती एकच गोष्ट, आणि ती सगळ्या गावासमोर माझ्या हातात आली होती. तिलाही ते कळत होतं. खटल्याला ती भीत नव्हती. मला भीत होती.

‘‘माकातो?’’ मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून. ‘‘आणि चुकणार? बाई, तुम्ही इथल्या नाही म्हणून विचारता. ही थेरडी झोपेत हात घालेल तरी हवा तोच उचलेल. इतकी वर्षं हिच्या बादलीत एक आमान चुकीचा सापडला नाही, विचारा कुणालाही. जांभळे घेतले म्हणजे जांभळेच घ्यायचे होते तिला. मुद्दाम घेतलेत. लिहा तुम्ही.’’

कुरोइवाने माझ्याकडे एकदा बघितलं, मग पेन उचललं.

चोतोकू माझ्याजवळ आला. ‘‘झालं समाधान?’’ एवढंच म्हणाला आणि माझ्या पायाशी थुंकला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. गावानेही बरीच वर्षं माझ्या नावाने बोटं मोडली. सूड उगवला म्हणे मी. खटला झाला, दंड झाला, तो चोतोकूने भरला. माकातोचं किनाऱ्यावर उतरणं कायमचं बंद झालं.

पण त्या दुपारचं अजून राहिलंय.

कुरोइवा जांभळ्यांना पेटीत भरत होती, चोतोकू तिच्याशी हुज्जत घालत होता, आणि सगळं गाव कोंडाळं करून माकातोकडे बघत होतं. तिने टोपी सारखी केली. ‘‘झालं ना तुमचं? मी जाते घरी,’’ म्हणाली, आणि वळून चालायला लागली. ताठ मानेने, झपाझप. फक्त चुकीच्या बाजूला. रस्ता डावीकडे होता आणि ती सरळ धक्क्याच्या टोकाकडे निघाली होती, जिथे फळ्या संपतात आणि खाली खोल पाणी. लोकांना वाटलं रागाने होड्यांकडे चाललीय. आणखी थोडं पुढे गेली असती तर पडली असती, आणि मग सगळ्यांना सगळं कळलं असतं.

धावत जाऊन हात धरला असता तरी कळलंच असतं.

‘‘ए चोरटे!’’ मी बोंब मारली. ‘‘तिकडे कुठे निघालीस? होडीत बसून पळतेस काय? इकडे ये, तोंड दाखव गावाला!’’

ती थांबली. मान माझ्या आवाजाकडे वळवली.

‘‘कोण पळतंय?’’ ती ओरडली. ‘‘तुला भिऊन? ऊसवाले!’’

‘‘मग ये की! अशी ये, माझ्या समोर ये!’’

ती आली. पाऊल टाकण्याआधी जरा रेंगाळली आणि मग सरळ माझ्या आवाजावर चालत आली. मी मागे मागे सरकत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. लोक तोंडात बोट घालून बघत होते. कुणीतरी म्हणालं, ‘‘अहो नाबे ओबा, आता तरी पुरे करा,’’ तर मी त्यालाही दोन शिव्या हासडल्या.

‘‘पायरी आली, चढ की आता! का चढायचीही लाज वाटते?’’ ती पायरी चढली. ‘‘वळणावर मेंढरासारखी उभी का राहिलीस? इकडे, माझ्याकडे बघ, मी आहे इथे, घाबरत नाही तुला!’’ ती वळली. तीही गप्प नव्हती हं. माझ्या माहेरापासून माझ्या स्वयंपाकापर्यंत तिने काहीही सोडलं नाही. ‘‘तुझ्या हातचं डुकरं खात नाहीत,’’ म्हणाली. मी म्हटलं, ‘‘त्या भिंतीला टेकू नकोस, आमची भिंत आहे ती, विटाळशील!’’ ती भिंतीपासून दूर झाली आणि मधून चालायला लागली, कारण भिंतीच्या कडेला गटार होतं.

गल्लीतल्या बायका दारात आल्या. पोरं मागे लागली. आम्ही दोघी म्हाताऱ्या भर उन्हात एकमेकींच्या सात पिढ्या काढत तिच्या घरापर्यंत गेलो. माझा घसा सुकला, आवाज फुटायला लागला, तरी मी थांबले नाही. थांबले असते तर ती थांबली असती.

‘‘हे तुझं दार!’’ मी ओरडले. ‘‘घाल आत ते काळं तोंड!’’

तिने हात पुढे केला. चौकट चाचपली. आता पाठीमागे पोरं होती, पण त्यांचं लक्ष आमच्या तोंडाकडे होतं, तिच्या हाताकडे नाही. ती उंबऱ्यावर क्षणभर उभी राहिली, पाठमोरीच. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

‘‘आवाज तेवढा दांडगा आहे तुझा,’’ म्हणाली. ‘‘बाकी काही जमलं नाही तुला.’’

आणि दार माझ्या तोंडावर आपटलं.

त्यानंतर ती फारशी बाहेर पडलीच नाही. कुणी विचारलं तर खिडकीतून ओरडून सांगायची, ‘‘सरकारने बंदी घातलीय ना, मग कशाला येऊ?’’ लोक हळहळायचे. होडीवाले माझी बादली धक्क्यावर उपडी करून बघायचे आणि एकमेकांना म्हणायचे, कायदा आड आला नसता तर माकातो आजही कड्यावर दिसली असती, लाल केसाळांनी बादली भरून. माझ्यासमोरच म्हणायचे. मी माझे आमान पुन्हा बादलीत भरायचे आणि म्हणायचे, ‘‘हो तर. नक्की दिसली असती.’’